कोणाला कोणत्या गटात? मानसशास्त्राच्या प्रयोगात सहभागींची वाटणी कशी करावी

१९५८ मध्ये जोसेफ ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत माकडांच्या चार जोड्यांवर एक प्रयोग केला. जोडीतल्या दोघांनाही विजेचे सारखेच झटके बसायचे. फरक इतकाच की झटका टाळणारा दांडा चालायचा तो एकाच माकडाच्या हातात. या 'साहेब' माकडांच्या पोटात व्रण झाले आणि ती दगावली. जोडीदारांना व्रण आढळले नाहीत. जबाबदारीच्या ताणाने साहेब लोकांना अल्सर होतो, असा निष्कर्ष निघाला आणि तो बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला.

साहेब कोणी व्हायचं हे कसं ठरलं होतं? आधी चाचणी घेतली आणि जोडीतलं जे माकड दांडा लवकर, भराभर दाबायला शिकलं त्याला साहेब केलं. म्हणजे मुळात जे जास्त धडपडं, तेच प्रत्येक जोडीत एका बाजूला गेलं. पुढे मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी उंदरांवर असाच प्रयोग केला, पण कोणता उंदीर कुठे हे नशिबावर सोडलं. निकाल उलटा आला: ज्यांच्या हातात नियंत्रण होतं त्यांना व्रण कमी.

वाटणी चुकली की आकडेमोड कितीही चोख असली तरी निष्कर्ष वाचत नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. प्रयोग आखताना दोन निर्णय वेगवेगळे घ्यावे लागतात. एका सहभागीला एकच स्थिती (ज्यांची तुलना करायची त्यांपैकी एक प्रकार) द्यायची की सगळ्या, हा पहिला. कोण कुठे हे नेमकं कोणत्या साधनाने काढायचं, हा दुसरा. बहुतेक चुका दुसऱ्यात होतात, कारण पहिल्यावर वर्गात चर्चा होते आणि दुसरा 'करू तेव्हाचं तेव्हा' म्हणून राहून जातो.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. यादृच्छिक म्हणजे चिठ्ठीसारख्या साधनाने, निव्वळ नशिबावर सोडलेलं. प्रयोगवहीत सर्रास लिहिलेलं असतं, 'सहभागींची यादृच्छिक पद्धतीने निवड केली'. प्रत्यक्षात जे भेटले, ज्यांना वेळ होता ते आले. ती यादृच्छिक निवड नव्हे. यादृच्छिक झाली असलीच तर त्यांची वाटणी. निवड यादृच्छिक असेल तर निष्कर्ष किती मोठ्या समूहाला लागू करता येईल ते ठरतं. वाटणी यादृच्छिक असेल तर दिसलेला फरक आपण केलेल्या बदलामुळेच पडला असं म्हणता येतं. पदवीच्या प्रयोगात पहिली गोष्ट साधणं कठीण असतं. दुसरी फुकट असते, ती सोडू नये.

वाटणी तुमच्या हातात आहे का?

लिंग, वय, शिक्षणाचं माध्यम, डावखुरेपणा, चिंतेचा गुणांक यांची वाटणी करता येत नाही. ती माणसं आधीच वाटली गेलेली आहेत. मराठी माध्यमाची मुलं आणि इंग्रजी माध्यमाची मुलं यांची तुलना म्हणजे प्रयोग नव्हे, मोजणी आहे. तिच्या निष्कर्षात 'माध्यमामुळे' हा शब्द येता कामा नये. अशा चलाबरोबर (चल म्हणजे माणसागणिक किंवा स्थितीगणिक बदलणारी गोष्ट) एखादा वाटता येणारा चल जोडता येतो, उदाहरणार्थ दोन्ही माध्यमांच्या मुलांपैकी निम्म्यांना यादी ऐकवायची आणि निम्म्यांना वाचायला द्यायची. त्याला मिश्र आराखडा म्हणतात. वाटणीचे नियम मात्र त्यातल्या वाटता येणाऱ्या भागालाच लागू पडतात.

एकालाच सगळ्या स्थिती द्याव्यात का?

शक्य असेल तिथे हो. कारण साधं आहे: माणसामाणसांतला फरक बहुतेक वेळा आपल्या प्रयोगाच्या परिणामापेक्षा मोठा असतो. जॉन रिडली स्ट्रूप यांच्या १९३५ च्या प्रयोगात १०० विद्यार्थ्यांनी रंगीत चौकोनांचे आणि दुसऱ्याच रंगाचं नाव लिहिलेल्या शब्दांच्या शाईचे रंग सांगितले. सरासरी वेळ ६३.३ सेकंदांवरून ११०.३ वर गेला. इतका ढळढळीत परिणाम क्वचित मिळतो. आपल्याकडे फरक पाच-सात सेकंदांचा असेल आणि एक मुलगी मुळातच १५ सेकंदांनी भराभर बोलणारी असेल, तर वेगळ्या गटांत तो फरक बुडून जातो. तिची तुलना तिच्याशीच केली तर तिचा वेग वजा होतो.

किती माणसं वाचतात याचा अंदाज घ्या. मध्यम परिणाम, म्हणजे दोन सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाचा) फरक, ५ टक्के पातळीवर (नसलेला फरक आहे असं म्हणण्याची जोखीम ५ टक्के), दोन्ही दिशा तपासणाऱ्या दुहेरी चाचणीने ८० टक्के वेळा सापडावा असं धरलं तर वेगळ्या गटांना प्रत्येकी ६४, एकूण १२८ माणसं लागतात. तीच माणसं दोन्ही स्थितींत वापरली आणि दोन्ही वेळच्या गुणांत ०.५ सहसंबंध (एकत्र कमी-जास्त होण्याचं माप, जास्तीत जास्त १) असला तर ३४ पुरतात, सहसंबंध ०.७ असला तर सुमारे २१. जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे दोन मिनिटांत काढता येतं. ज्या वर्गात एकूण ४० जण आहेत तिथे ६४-६४ चा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मग अडतं कुठे? पहिली स्थिती माणसावर न पुसला जाणारा ठसा उमटवत असेल तिथे. पुढचे प्रश्न स्वतःला विचारा, आणि एकाचंही उत्तर 'हो' आलं तर गट वेगळे ठेवा. पहिल्या फेरीत शिकलेली युक्ती दुसऱ्या फेरीत विसरता येणार नाही असं आहे का? पहिल्या फेरीमुळे प्रयोगाचं गुपित फुटतं का? दोन्ही स्थिती पाहिल्यावर तुम्हाला काय सिद्ध करायचं आहे हे सहभागीला कळतं का?

पहिल्या प्रश्नाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे शब्द लक्षात ठेवण्याच्या पद्धती. एका स्थितीत सांगायचं, 'प्रत्येक शब्दाचं चित्र डोळ्यांसमोर आणा', दुसरीत 'शब्द मनात घोकत राहा'. घोकणं आधी आणि चित्र नंतर असेल तर फारसं बिघडत नाही. उलट क्रमात मात्र चित्राची युक्ती सापडलेला माणूस घोकायला सांगितलं तरी गुपचूप चित्रंच रंगवतो. ठसा एका दिशेने जातो, दुसरीने जात नाही. अशी असमान ने-आण असेल तर क्रम उलटसुलट करूनही ती रद्द होत नाही. पुष्कळ जणांना वाटतं की क्रम बदलला म्हणजे सगळं पाप धुतलं जातं. तसं नसतं.

दुसऱ्या प्रश्नात येते अचानक घेतलेली स्मरणचाचणी. ती एका माणसावर एकदाच जमते. दुसऱ्यांदा तो सावध असतो. पण इथे एक पळवाट आहे आणि ती फार कमी वापरली जाते. स्थिती माणसांना वाटण्याऐवजी शब्दांना वाटा. एकाच यादीतल्या ३६ शब्दांपैकी १२ शब्दांना 'यात किती अक्षरं?', १२ शब्दांना 'याचं यमक अमुक शब्दाशी जुळतं का?' आणि १२ शब्दांना 'हा शब्द या वाक्यात बसतो का?' असे प्रश्न मिसळून विचारा, आणि शेवटी एकदाच आठवायला सांगा. गुपित एकदाच फुटतं आणि तुलना तरीही प्रत्येकाच्या आत राहते. फक्त कोणत्या शब्दाला कोणता प्रश्न हे फिरतं ठेवा: तीन प्रकारचे संच करा म्हणजे प्रत्येक शब्द कधी ना कधी प्रत्येक प्रश्नाखाली येईल. नाहीतर 'आंबा' हा शब्द मुळातच लक्षात राहणारा असल्याचं श्रेय प्रश्नाला जाईल.

क्रमाचं गणित

सगळ्या स्थिती एकालाच द्यायच्या ठरल्या की वाटायचा असतो तो क्रम. दुसऱ्या फेरीला सराव झालेला असतो, चौथ्या फेरीला कंटाळा आलेला असतो, आणि हे दोन्ही परिणाम आपल्या चलाशी संबंध नसताना आकड्यांत शिरतात.

दोन स्थिती असतील तर दोन क्रम: अ-ब आणि ब-अ. निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दुसरा, आणि कोणाला कोणता हे पुन्हा चिठ्ठीनेच. तीन स्थितींचे सहा क्रम होतात. सहाच्या पटीत माणसं घ्या, विषय संपला. चार स्थितींचे मात्र २४ आणि पाचांचे १२०, इतके क्रम पुरवायला माणसं नसतात. तिथे संतुलित लॅटिन चौकोन वापरतात. चार स्थितींचा असा:

पहिला सहभागी: अ ब ड क
दुसरा: ब क अ ड
तिसरा: क ड ब अ
चौथा: ड अ क ब

पडताळून पाहा. प्रत्येक स्थिती प्रत्येक जागी एकदा येते, शिवाय प्रत्येक स्थितीच्या लगेच आधी इतर तिन्ही स्थिती एकेकदा येतात. करायची रीत अशी: स्थितींना १ ते न (न म्हणजे एकूण स्थिती) क्रमांक द्या, पहिली ओळ १, २, न, ३, न उणे १ अशी आलटून पालटून दोन्ही टोकांनी भरा, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीतल्या आकड्यांत १ मिळवा, न च्या पुढे गेलं की परत १. स्थितींची संख्या सम असेल तर एक चौकोन पुरतो. तीन, पाच किंवा सात असतील तर एका चौकोनात हे जमत नाही. दुसरा चौकोन पहिल्याच्या ओळी उलट्या लिहून करावा लागतो आणि माणसं दुप्पट पटीत लागतात. पाच स्थितींना १०, २०, ३० अशी.

नुसती ओळ एकेक घर सरकवून (अ ब क ड, ब क ड अ, क ड अ ब, ड अ ब क) केलेला चौकोन अनेक वह्यांत दिसतो. त्यात तीन ओळींत ब हा अ च्या लगेच नंतर येतो आणि अ हा ब च्या लगेच नंतर एकदाही येत नाही. जागेचा प्रश्न सुटतो, शेजाराचा सुटत नाही.

जाता जाता: लॅटिन चौकोनांबद्दल गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात बांधलेला एक अंदाज १९५९ मध्ये तिघांनी मिळून खोटा ठरवला. त्यांतले एक, शरदचंद्र श्रीखंडे, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. तो प्रश्न वेगळ्याच प्रकारच्या चौकोनांचा होता, पण आपल्या विषयाचं नातं इतक्या जवळून जातं तर सांगायला हरकत नाही.

क्रमाइतकंच साहित्यही फिरवायला हवं, आणि हे हमखास राहून जातं. शांततेत आणि गाणं लावून पाठांतर अशी तुलना असेल तर दोन शब्दयाद्या लागतात. पहिली यादी कायम शांततेत आणि दुसरी कायम गाण्यासोबत दिलीत, तर निकाल गाण्याचा की यादीचा हे सांगता येणार नाही. क्रम दोन, याद्यांच्या जोडण्या दोन, म्हणून चार प्रकार. सहभागी चारच्या पटीत: २४, २८, ३२. एकतीस आले तर एक जण जास्त शोधा. तीन प्रकारांत आठ आणि एकात सात ठेवून पुढे जाऊ नका.

दोन फेऱ्यांत किती अंतर ठेवायचं? थकव्यासाठी दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती बहुधा पुरते. कॉफी, झोप, मनःस्थिती असे विषय असतील तर फेऱ्या वेगळ्या दिवशी, पण घड्याळाच्या त्याच वेळी घ्या.

सगळं झाल्यावर एक तपासणी करा. प्रत्येकाची फक्त पहिली फेरी घेऊन, जणू गट वेगळेच होते असं समजून, दोन स्थितींची तुलना करून पाहा. फरकाची दिशा आणि साधारण आकार तोच आला तर ठीक. पहिल्या फेरीत फरकच नाही आणि दुसऱ्या फेरीमुळेच सगळा फरक उभा राहिला, तर ठसा राहिला आहे असं समजा आणि तसं लिहा.

गट वेगळे असतील तेव्हा: नाणं, चिठ्ठ्या, पत्ते, फासा

यादृच्छिक म्हणजे 'कसंही' नव्हे. मनाला येईल तसं वाटणं हे यादृच्छिकाच्या अगदी उलट आहे, कारण मन सवयीने चालतं. हजेरीपटावरचे सम आणि विषम क्रमांक हीसुद्धा चिठ्ठी नव्हे. पुढचा कोण कुठे जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, आणि नेमकी तिथेच गडबड करायला जागा मिळते. पहिले २० एका गटात आणि नंतरचे २० दुसऱ्यात, हा प्रकार सर्वांत वाईट. लवकर येणारे उत्साही असतात, शेवटी येणाऱ्यांना कोणीतरी ओढून आणलेलं असतं. सकाळची बॅच आणि दुपारची बॅच, पुढचे बाक आणि मागचे बाक, याच माळेतले मणी.

प्रत्येक माणसामागे नाणं उडवणं निखालस यादृच्छिक आहे, पण लहान प्रयोगात गट असमान होतात. २० जणांसाठी नाणं उडवलं तर नेमके १०-१० पडण्याची शक्यता फक्त १७.६ टक्के. ७-१३ किंवा त्याहून वाकडी विभागणी होण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांत एक. २०० माणसं असतील तर बहुतेक वेळा ८६ ते ११४ च्या दरम्यान आकडा राहतो आणि ते चालून जातं. म्हणून शंभराच्या आत नाणं नको.

माणसांची यादी आधीपासून पक्की असेल तर चिठ्ठ्या किंवा पत्ते उत्तम. ४० जणांसाठी पत्त्यांच्या कॅटमधून २० लाल आणि २० काळी पानं घ्या, नीट पिसा, आणि यादीतल्या नावांपुढे वरून एकेक पान उलटत जा. लाल म्हणजे अ, काळं म्हणजे ब. पत्त्यांचा हा वापर जुना आहे: चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी १८८० च्या दशकात वजनांतला सूक्ष्म फरक ओळखण्याच्या प्रयोगात वजनं कोणत्या क्रमाने द्यायची हे पिसलेल्या पत्त्यांवरून ठरवलं होतं. दोन भाग एकमेकांत घुसवून पिसत असाल तर सात वेळा पिसा. चार-पाच वेळांत जुना क्रम बराचसा शिल्लक राहतो.

चिठ्ठ्यांचं दुखणं हे की त्या नीट ढवळल्या जात नाहीत. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीची सोडत निघाली. जन्मतारखांच्या कुप्या महिन्याच्या क्रमाने भरल्या होत्या आणि पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. वर्षअखेरीस जन्मलेल्या तरुणांचे क्रमांक ठळकपणे लवकर निघाले. तेव्हा चिठ्ठ्या एकसारख्या घडीच्या, एकसारख्या कागदाच्या, आणि भांडं त्यांच्या कितीतरी पट मोठं हवं.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये करायचं तर एका रकान्यात २० वेळा अ आणि २० वेळा ब लिहा, शेजारच्या रकान्यात यादृच्छिक आकडा देणारं रँड हे सूत्र ओढा, आणि दोन्ही रकाने रँडच्या आकड्यांनुसार लावून घ्या. मग तयार झालेला क्रम 'फक्त मूल्यं' म्हणून दुसऱ्या पानावर चिकटवा. रँडचे आकडे शीटमध्ये काहीही बदललं की बदलतात. मूल्यं न चिकटवता ठेवलेल्या फाइलमध्ये कोणी पुन्हा क्रम लावला तर मूळ वाटणी गेली.

पण बरेचदा माणसं एकेक करून येतात आणि एकूण किती येतील हे माहीत नसतं. ४० ची यादी करून बसलात आणि २६ वरच गाडी अडली, तर १६ विरुद्ध १० होऊ शकतं. त्यासाठी खंडवाटणी. चारांचा खंड घेतला तर त्यात दोन अ आणि दोन ब, आणि ते मांडण्याच्या सहाच पद्धती असतात. सहा म्हटल्यावर फासा आलाच:

१: अ अ ब ब
२: अ ब अ ब
३: अ ब ब अ
४: ब अ अ ब
५: ब अ ब अ
६: ब ब अ अ

दहा वेळा फासा टाका, आलेल्या ओळी एकाखाली एक लिहा, ४० जणांची यादी तयार. कुठेही थांबलात तरी दोन गटांत दोनापेक्षा जास्त फरक पडणार नाही.

खंडवाटणीत एक भोक आहे. खंड चारांचा आहे हे प्रयोग घेणाऱ्याला माहीत असेल आणि पहिले तीन अ, ब, ब गेले असतील, तर चौथा अ हे त्याला आधीच कळतं. समोर दमलेला चेहरा आला की 'तू थोड्या वेळाने ये' असं त्याच्या तोंडून निघतं, आणि त्याला स्वतःलाही ते जाणवत नाही. उपाय दोन: चारांचे आणि सहांचे खंड मिसळा, आणि यादी त्याच्या हातात देऊ नका.

एखादा गुणधर्म निकालावर खात्रीने परिणाम करतो असं माहीत असेल तर त्यानुसार माणसांचे थर पाडा आणि प्रत्येक थरासाठी वेगळी खंडयादी करा. देवनागरी मजकूर वाचण्याच्या वेगावर प्रयोग असेल तर मराठी माध्यमाची एक यादी, इंग्रजी माध्यमाची दुसरी. थर एक, फार तर दोन. लिंग, माध्यम, वर्ष आणि शहरी-ग्रामीण असे चार दुहेरी थर घेतले तर १६ कप्पे होतात, आणि ४० माणसांत कप्प्यामागे अडीच माणसं येतात. खंड भरतच नाहीत आणि मग सगळा खटाटोप नाणं उडवल्यासारखाच होतो.

ऑनलाइन प्रयोगात गूगल फॉर्म्सला स्वतःहून गट पाडता येत नाहीत. 'तुमची जन्मतारीख सम की विषम' असं विचारून फाटे फोडणं ही तडजोड आहे. त्यापेक्षा दोन स्वतंत्र फॉर्म करून कोणाला कोणता दुवा पाठवायचा हे वरच्या खंडयादीने ठरवा. दुवा व्यक्तीला पाठवा, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. क्वालट्रिक्स हे सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर हाताशी असेल तर त्यातला रँडमायझर समान वाटणीवर ठेवता येतो, पण अर्ध्यावर सोडून गेलेलेही मोजणीत धरले जाऊ शकतात, म्हणून शेवटी पूर्ण भरलेले फॉर्म समान निघतीलच असं नाही.

जोड्या लावणं

माणसं कमी, ठसा राहणारी स्थिती, त्यामुळे गट वेगळे ठेवणं भाग. अशा वेळी जोड्यांचा आराखडा कामाला येतो. आधी पूर्वचाचणी घ्या, गुणांनुसार उतरत्या क्रमाने नावं लावा, १ आणि २ ची जोडी, ३ आणि ४ ची जोडी, असं शेवटपर्यंत. मग प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्रपणे नाणं उडवा. नाणं न उडवता प्रत्येक जोडीतला वरचा अ मध्ये आणि खालचा ब मध्ये टाकला, तर अ गट प्रत्येक जोडीत थोडा थोडा वरचढ होतो. चूक किरकोळ दिसते, पण ती सगळ्या जोड्यांत एकाच दिशेने साचते.

पूर्वचाचणी निकालाच्या जवळची हवी. शब्द आठवण्याचा प्रयोग असेल तर वेगळ्या १५ शब्दांची एक यादी आठवून घ्या. दहावीच्या टक्केवारीवर जोड्या लावू नका. निकालाशी सहसंबंध नसलेल्या गुणांवर जोड्या लावल्या तर फायदा काही नाही आणि तोटा नक्की: ४० स्वतंत्र माणसांत मुक्ततेची मात्रा (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या; ती जितकी जास्त तितकी चाचणी तीक्ष्ण) ३८ असते, २० जोड्यांत १९. शिवाय जोडीतला एक गळला की दुसऱ्याचाही आकडा वाया जातो. विश्लेषण जोडीच्या टी-चाचणीने (दोन सरासरींतला फरक तपासणाऱ्या चाचणीच्या जोड्यांसाठीच्या प्रकाराने) करा. इतकी मेहनत करून शेवटी स्वतंत्र गटांची चाचणी लावलेली वही दर वर्षी एखादी तरी निघतेच.

हाताशी आख्ख्या तुकड्याच असतील तर

शाळेत प्रयोग असला की मुख्याध्यापक म्हणतात, 'अ तुकडी तुमची नवी पद्धत, ब तुकडी जुनी.' नाही म्हणणं अवघड असतं, पण काय गमावतो आहोत हे कळायला हवं. अ तुकडीचे शिक्षक वेगळे, तासाची वेळ वेगळी, काही शाळांत हुशार मुलं मुद्दाम एका तुकडीत बसवलेली. दोनच तुकड्या असतील तर पद्धतीचा परिणाम आणि तुकडीचा परिणाम कोणत्याही गणिताने सुटे करता येत नाहीत. तुकड्या जास्त असल्या तरी एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. ४० मुलांच्या वर्गात हे साम्य (० ते १ च्या मापावर) ०.१ इतकं जरी असलं तरी १ + (४० − १) × ०.१ = ४.९ पट नुकसान होतं. म्हणजे १० वर्गांतली ४०० मुलं माहितीच्या दृष्टीने ८२ मुलांइतकीच भरतात.

त्यापेक्षा मुख्याध्यापकांना असं विचारा: प्रत्येक तुकडीतल्याच निम्म्या मुलांना दुसऱ्या खोलीत नेलं तर चालेल का? छापील साहित्याचा प्रयोग असेल तर तेही नको. दोन प्रकारच्या प्रश्नपत्रिका खंडयादीप्रमाणे एकावर एक रचून आणा आणि बाकांवर त्याच क्रमाने वाटत जा. दिसायला दोन्ही सारख्या, फक्त कोपऱ्यात छोटा सांकेतिक आकडा.

यादी कोणी बघायची

१९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनर्कशायरमध्ये २०,००० शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला: १०,००० मुलांना रोज दूध, १०,००० ना नाही. विषय वाढीचा होता, मानसशास्त्राचा नव्हे, पण धडा आपलाच आहे. वाटणीनंतर एखाद्या गटात धडधाकट किंवा खंगलेली मुलं जास्त वाटली तर अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांचं मन द्रवलं आणि गरजू मुलं दुधाच्या गटात गेली. सुरुवातीलाच दूध न मिळणारी मुलं सरासरीने उंच आणि वजनदार निघाली. शिवाय वजनं कपड्यांसकट घेतली होती, आधी हिवाळ्यात आणि नंतर उन्हाळ्यात. गरीब मुलांच्या अंगावर हिवाळ्यातही जाड कपडे नव्हते, म्हणून उतरायलाही नव्हते. 'स्टूडंट' या नावाने लिहिणारे गॉसेट, ज्यांच्या टी-चाचणीवर आपण सगळे जगतो, यांनी १९३१ मध्ये लिहिलं की एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्यांनी याहून भरवशाचं उत्तर दिलं असतं.

म्हणून कामं वेगळी करा. यादी बनवणारा एक, प्रयोग घेणारा दुसरा. बनवणाऱ्याने अपारदर्शक पाकिटांवर १ ते ४० आकडे घालावेत, आत घडी करून स्थिती लिहावी, पाकीट चिकटवावं. उजेडात धरून आतलं दिसत नाही ना हे बघा. दिसत असेल तर आत काळा कागद घाला. सहभागी आला, त्याने संमतीपत्रावर सही केली, त्याचं नाव पुढच्या पाकिटावर लिहिलं, आणि मगच पाकीट फोडलं, हा क्रम मोडू नका. गुण देणाऱ्याला तर गट कळायलाच नको. रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांच्या १९६३ च्या प्रयोगात १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले, निम्म्यांना सांगितलं की तुमचे हुशार वाणाचे, निम्म्यांना मठ्ठ वाणाचे. उंदीर सगळे सारखेच होते, वाटणी नशिबाने. तरी 'हुशार' उंदरांनी भूलभुलैया जास्त चांगला शिकल्याची नोंद झाली.

वाटणी झाल्यानंतर

गट समान पडले का हे पाहण्यासाठी वयावर, गुणांवर टी-चाचण्या लावून पी-मूल्यांचा (निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याच्या शक्यतांचा) तक्ता देण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग नाही. वाटणी चिठ्ठीने झाली असेल तर जो फरक आहे तो योगायोगानेच आहे, हे आपल्याला चाचणीआधीच माहीत आहे. सरासरी आणि प्रमाण विचलन द्या, तेवढं पुरे. फरक पाहून पुन्हा चिठ्ठी टाकणं तर नकोच. मनासारखी वाटणी येईपर्यंत टाकलेली चिठ्ठी ही चिठ्ठी उरत नाही. महत्त्वाच्या चलाची भीती असेल तर थर आधीच करा.

प्रयोग अर्ध्यावर सोडणाऱ्यांची गळती गटनिहाय मोजा. दोन्हीकडे २० पैकी १८ उरले तर फार चिंता नाही. सोप्या स्थितीत २० आणि कंटाळवाण्या स्थितीत १३ उरले, तर जे उरले ते चिवट आहेत. आता तुलना चिवटांची आणि सगळ्यांची चालली आहे. चुकून ब ऐवजी अ चं साहित्य मिळालेल्याला विश्लेषणात त्याच्या मूळ गटातच ठेवा आणि चूक नोंदवा.

आणि वसतिगृह. प्रयोग झालेला मुलगा संध्याकाळी मेसमध्ये सांगतो की शेवटी अचानक आठवायला लावतात. दुसऱ्या दिवसापासून सगळे सावध. एका वसतिगृहातले सहभागी शक्यतो एकाच दिवशी उरका, खुलासा सगळ्यांना शेवटी एकत्र द्या, आणि प्रत्येकाला शेवटी विचारा, 'इथे काय होणार याबद्दल आधी काही ऐकलं होतं का?' उत्तर गटासह नोंदवा.

वहीत 'सहभागींची यादृच्छिक विभागणी केली' हे एक वाक्य लिहून थांबू नका. असं लिहा: 'सहभागींना चारांच्या खंडांत, मराठी आणि इंग्रजी माध्यमासाठी स्वतंत्र याद्या करून, फासा टाकून दोन गटांत वाटले. यादी प्रयोगात सहभाग नसलेल्या व्यक्तीने तयार केली. स्थिती क्रमांकित बंद पाकिटांत होती आणि पाकीट संमतीनंतर उघडले. गुणांकन करणाऱ्यास गट माहीत नव्हता. अ गटातून एक, ब गटातून दोन सहभागी गळाले.' फासा टाकल्याचा मूळ कागद, तारखेसह, वहीच्या शेवटी चिकटवा.